मसलत आणि खलबत

‘प्रकल्प’ हा शब्द आमच्या महाविद्यालयीन आयुष्यात नेमका केव्हा शिरला, हे सांगणे अवघड आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा प्रकल्प म्हटले की धरण किंवा वीजनिर्मिती केंद्र डोळ्यांसमोर येई. आज बोलीचा अभ्यास हाही प्रकल्प असतो आणि गावातल्या विहिरींची नोंद हाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर क्षेत्रीय प्रकल्प हा पदवी अभ्यासक्रमाचा रीतसर घटकच झाला आहे. प्रकल्पाबरोबर त्याची परिभाषाही आली : गट, गटप्रमुख, उद्दिष्टे, टप्पे, मुदत, अहवाल. एकत्र काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांना काय सांगावे, काय लपवू नये आणि दिलेल्या शब्दाला किती जागावे, याविषयी मात्र ही परिभाषा फारसे बोलत नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे एका लहानशा प्रसंगाने उभा राहिला. सहा विद्यार्थ्यांच्या एका गटाचा प्रकल्प अहवाल आमच्याकडे आला. मुखपृष्ठावर सहा नावे होती. तोंडी परीक्षेत दोन-तीन प्रश्न विचारताच स्पष्ट झाले, की सारे काम एकट्या मुलीने केले आहे. इतरांना अहवालातल्या प्रकरणांचा क्रमही सांगता येईना. नंतर तिला बाजूला बोलावून आम्ही विचारले, की हे तू आधी का सांगितले नाहीस? ती म्हणाली, “सर, सांगितलं असतं तर पुढच्या सत्रात मला कुणी गटात घेतलं नसतं.” या उत्तरात तक्रारीचा सूर नव्हता. व्यवहार कळलेल्या माणसाने व्यवहार सांगावा, तसे ते उत्तर होते. आम्हांला बोचले ते नेमके हेच.

त्यावर विचार करताना आम्ही मराठीची माणसे साहजिकच शब्दांकडे वळलो. ‘प्रकल्प’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी, अनेकांनी मिळून तडीस न्यावयाच्या मोठ्या कामाला मराठीत काय म्हणत? पेशवाईच्या पत्रव्यवहारात आणि बखरींत त्यासाठी एक शब्द वारंवार भेटतो : मसलत. मसलत म्हणजे सल्ला, विचारविनिमय, हा अर्थ आजच्या ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात शिल्लक आहे. जुन्या कागदांत मात्र मसलत ‘पडते’, मसलत ‘शेवटास जाते’. म्हणजे ज्या कामासाठी विचार करावयाचा, त्या कामाचेच नाव मसलत. शब्दाचे मूळ अरबी ‘मस्लहत’ असून त्याचा मूळ अर्थ हित, कल्याण असा आहे. हित, विचार आणि काम या तिन्ही गोष्टी एका शब्दात नांदाव्यात, ही भाषेने करून ठेवलेली मोठीच सोय होती. विचार न घेता केलेल्या कामाला मसलत म्हणणे त्या भाषेला जड गेले असते.

याच घराण्यातला दुसरा शब्द ‘खलबत’. त्याचे मूळ ‘खल्वत’, म्हणजे एकांत. चारचौघांना वगळून, दार लावून केलेली बोलणी म्हणजे खलबत. वृत्तपत्रांच्या राजकीय मथळ्यांत आजही ‘खलबते’ चालू असतात. मसलत आणि खलबत या दोन्ही गोष्टी बोलण्याच्याच आहेत. म्हणूनच एखाद्या गटात ‘संवाद आहे’ एवढे म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. खलबतातही संवाद भरपूर असतो. त्यातून कोणाला वगळले आहे, हा खरा प्रश्न.

या दोन शब्दांमधले अंतर ज्या एका गावाच्या नावाशी निगडित आहे, ते गाव म्हणजे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातले खर्डा. येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि हैदराबादचा निजाम अली यांच्यात लढाई झाली. थकलेल्या चौथाईचा वाद जुनाच होता. पण तो चिघळला बोलण्यावरून. मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे यांनी हिशेबाची मागणी लावून धरली तेव्हा निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याने, खुलासा करायला नाना फडणविसांनी स्वतः दरबारात हजर व्हावे, अशी उद्दाम भाषा केली. वकिलाचा अपमान हा त्याच्या धन्याचा अपमान, हा तेव्हाचा सर्वमान्य संकेत होता. पुढचे सारे त्यातून आले.

ज्या अवस्थेत ही मसलत पडली ती अवस्था बिकट होती. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे वारले. त्यांच्या जागी आलेले दौलतराव कोवळ्या वयाचे होते. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. शिंदे-होळकरांचे वैर जुने होते आणि नागपूरकर भोसल्यांचे पुण्याशी संबंध कधी गोड, कधी कडू. अशा माणसांना एका छावणीत आणून एका सेनापतीच्या हाताखाली उभे करावयाचे होते. दौलतराव शिंद्यांची फौज, तुकोजी होळकर, रघूजी भोसले, पटवर्धन, सारे आले. पेशव्यांच्या निशाणाखाली सगळे मोठे सरदार एकत्र जमल्याचा हा अखेरचा प्रसंग, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवले आहे, आणि पुढच्या इतिहासकारांनीही ते मान्य केले आहे.

त्याच ग्रंथातला एक तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. लढाईपूर्वी नानांनी प्रमुख सरदारांची मते मागवली, ती लेखी घेतली आणि त्या मतांमधून आपला बेत आखला, असे डफ सांगतो. मग परशुरामभाऊ पटवर्धनांना सेनापती नेमले गेले. बारकाईने पाहिले तर या एका कृतीत तीन नैतिक गोष्टी आहेत. पहिली, ज्याला लढायचे आहे त्याला आधी विचारले गेले. दुसरी, मत लेखी असल्यामुळे ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ अशी पळवाट कोणालाच उरली नाही, विचारणाऱ्यालाही नाही. तिसरी, मते सर्वांची घेतली तरी निर्णय आणि जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता ठेवली नाही. आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे मुद्दे वेगळ्या भाषेत येतात. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या आंतरराष्ट्रीय संस्थेची आचारसंहिता २००६ साली आली. तिने जबाबदारी, आदर, न्याय आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्ये पायाभूत मानली आहेत. चारही मूल्यांची बीजे त्या लेखी मतांत सापडावीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

निकाल सर्वश्रुत आहे. परशुरामभाऊ चकमकीत जखमी झाले, तरी फळी फुटली नाही. रात्री निजामाच्या गोटात घबराट माजली आणि त्याने खर्ड्याच्या भुईकोटात आश्रय घेतला. कोंडी झाल्यावर त्याला तहाला यावे लागले. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख, कोट्यवधींची रक्कम आणि ओलीस म्हणून खुद्द मुशीर-उल-मुल्क, इतके पदरात पडले. संगमनेरच्या अनंत फंदीसारख्या शाहिरांनी त्यावर पोवाडे रचले. २०२१ साली किल्ल्याजवळ उंच भगवा ध्वजही उभा राहिला. विजयाची स्मृती जपण्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की खर्ड्याची गोष्ट आपण नेहमी लढाईच्या संध्याकाळीच का संपवतो?

कारण ती तेथे संपत नाही. विजयोत्सव चालू असताना सवाई माधवराव खिन्न दिसले, असे डफ सांगतो. नानांनी कारण विचारले. एकवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या पेशव्याच्या उत्तराचा आशय असा होता, की मोगलांनी इतक्या सहज आणि लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या शिपायांनी फारसे कष्ट न करता मिळालेल्या जयाची बढाई मारावी, हे दोन्हीकडच्या अधोगतीचे लक्षण आहे. काम यशस्वी झाल्यावर त्या कामाचे खरे मूल्यमापन करणारे हे उद्गार. ते नाममात्र प्रमुखाने, एका तरुण माणसाने काढले. त्यावर मसलत बसली, सरदारांची मते पुन्हा लेखी मागवली गेली, असे कोठेही आढळत नाही. जिंकलेल्यांना विचारायचे काय आणि कशाला, असेच वाटले असणार. अपयश माणसांना बोलायला भाग पाडते. यशात मात्र गप्प राहणे सोपे जाते आणि शहाणपणाचेही वाटते.

पुढचा घटनाक्रम सुन्न करणारा आहे. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात उंचावरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. लढाईला आठ महिनेही झाले नव्हते. वारसाचा प्रश्न उभा राहिला आणि मसलतीची जागा खलबतांनी घेतली. राघोबादादांचा मुलगा बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून नानांनी विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा घाट घातला. बाजीरावाने शिंद्यांकडे संधान बांधले. ते कळताच नानांनी स्वतःच बाजीरावाला जवळ केले. मग शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या आणि परशुरामभाऊ एक झाले आणि १७९६ मध्ये बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा पेशवा झाला. खर्ड्यावर ज्यांनी एकमेकांना लेखी मते दिली-घेतली होती, त्या नाना आणि भाऊंनी वर्षभरातच एकमेकांविरुद्ध डाव मांडले. नाना महाडला निघून गेले आणि तेथून त्यांनी जी जुळवाजुळव केली तिच्यात निजामालाही ओढले. त्याची किंमत म्हणजे खर्ड्यावर मिळवलेले बहुतेक सारे परत देण्याचे आश्वासन. त्या धामधुमीत मुशीर-उल-मुल्कही सुटला. सगळ्यांनी मिळून जे कमावले ते एकाने, इतरांना न विचारता, आपल्या सोयीसाठी देऊ केले. प्रकल्पाच्या परिभाषेत याला काय म्हणतात आम्हांला ठाऊक नाही. साध्या मराठीत याला विश्वासघात म्हणतात.

शब्दाची किंमत किती घसरली होती याचा दाखला पुढच्याच वर्षाच्या अखेरीला मिळतो. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना दौलतराव शिंद्यांच्या गोटात भेटीला गेले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी शिंद्यांच्या चाकरीतल्या मायकेल फिलोज या अधिकाऱ्याने दिली होती. त्यानेच त्यांना कैद केले. नाना सुटून पुन्हा कारभारावर आले, पण तोवर राज्यातले परस्परविश्वासाचे चलन खोटे ठरले होते. परशुरामभाऊ १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पडले आणि नाना १३ मार्च १८०० रोजी गेले. दरम्यान १७९८ मध्येच निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली होती. १८०२ च्या अखेरच्या दिवशी बाजीरावाने वसईचा तह केला. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले होते, होळकर नव्हते. खर्डा ते असई, अवघी साडेआठ वर्षे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सरदारांची फौज म्हणजे आजच्या अर्थाने कार्यगट नव्हे. प्रत्येकाचा सरंजाम वेगळा, हितसंबंध वेगळे. खर्ड्याचे ऐक्य हेही बऱ्याच अंशी वाट्याच्या आशेने जुळलेले. मग व्यक्तींच्या नीतीला दोष देण्यात अर्थ काय? आम्हांला हा आक्षेप पुष्कळसा मान्य आहे. किंबहुना आमचे म्हणणे त्यातूनच पुढे जाते. मते लेखी घेण्याची रीत नानांच्या सामर्थ्यावर आणि त्या प्रसंगाच्या निकडीवर उभी होती. ती कोणाच्याही मर्जीपलीकडचा नियम झाली नाही. मुख्य माणसाला गरज वाटली तेव्हा मसलत झाली आणि त्याला अडचणीची वाटली तेव्हा ती थांबली. प्रमुखाच्या चांगुलपणावर अवलंबून असलेला खुलेपणा प्रमुखाबरोबरच संपतो.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. मोठ्या कामात काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात, तेव्हा सगळ्यांना सगळे सांगा हा उपदेश भाबडा नाही का? येथे गुप्तता आणि लपवाछपवी यांतला फरक पाहावा लागेल. गुप्तता बाहेरच्यांपासून असते आणि ती गटातल्या सर्वांनी मिळून पाळलेली असते. लपवाछपवी आतल्यांपासून असते. सरदारांनी दिलेली मते निजामाच्या छावणीला कळू नयेत, ही गुप्तता. महाडहून निजामाशी चाललेले बोलणे खर्ड्यावर रक्त सांडलेल्यांना कळू नये, ही लपवाछपवी.

हे केवळ अठराव्या शतकातल्या मराठ्यांचे दुखणे आहे असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर दगावले. उड्डाणाच्या आदल्या रात्री, रबरी कड्या थंडीत नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण पुढे ढकला, असे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले होते. दूरध्वनीवरची ती बैठक मध्येच थांबवली गेली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपापसात बोलून घेतले आणि परत आल्यावर होकार कळवला. नंतरच्या चौकशी आयोगाने निर्णयप्रक्रियेतील दोषावर स्पष्ट बोट ठेवले. जगातली उत्तमोत्तम संपर्कसाधने त्यांच्या हाताशी होती. मसलत दूरध्वनीवर झाली, निर्णय खलबतात झाला.

आता आमच्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांच्या इतिहासावर बोलून स्वतःला मोकळे करून घेणे सोपे असते. एका बाह्य मूल्यमापनाच्या तयारीत आमच्यापैकी काहींनी न झालेल्या सभांची इतिवृत्ते लिहिली आहेत. तारीख घातली, उपस्थितांची नावे घातली, ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य घातले आणि खाली सह्या केल्या. कोणी सक्ती केली नव्हती. ‘सगळेच करतात’ एवढ्यावर आमची सदसद्विवेकबुद्धी झोपी गेली. खर्ड्यावर मत आधी लिहिले गेले आणि काम नंतर झाले. आम्ही कागद आधी पूर्ण केला आणि मत कोणाला विचारलेच नाही. त्या सहा विद्यार्थ्यांच्या मुखपृष्ठावरची पाच खोटी नावे आणि आमच्या इतिवृत्तातल्या खोट्या सह्या यांत जातीचा फरक काहीच नाही. फरक असलाच तर वयाचा. मुलांनी हे कोठून उचलले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांला उरत नाही.

मग करावे काय? नीतिशिक्षणाचा आणखी एक श्रेयांक वाढवून हे साधेल असे आम्हांला वाटत नाही. आम्ही आमच्या विभागात या सत्रापासून दोन साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. प्रकल्पाच्या आरंभी गटातला प्रत्येक जण, काम कसे व्हावे आणि त्यात आपण काय करणार, हे स्वतःच्या हस्ताक्षरात पानभर लिहून देतो. अखेरीस प्रत्येक जण पुन्हा एक पान लिहितो : काय ठरले होते, काय झाले, काय फसले. फसलेले लिहिले म्हणून गुण कापले जात नाहीत, हे आधीच सांगितलेले असते. हे दुसरे पान यशस्वी गटालाही चुकत नाही. सवाई माधवरावांचे उत्तर ऐकून घ्यायला जागा असावी, एवढाच त्यामागचा हेतू. गट शिक्षकांनी पाडायचे, असेही ठरवले आहे. खरे बोलणाऱ्या मुलीला ‘पुढच्या वेळी गटात घेणार नाही’ ही भीती असेल, तर ती भीती नाहीशी करणे हे तिच्या धैर्याचे काम नव्हे, आमचे आहे.

यातून फार काही घडेल असा दावा नाही. पहिल्या पानांतली बरीचशी एकमेकांची पाहून लिहिलेली निघाली. हेही मान्य केले पाहिजे. विभागाच्या सभेचे इतिवृत्त सभा चालू असतानाच लिहावयाचे आणि विरोधी मत नावासह नोंदवायचे, असे ठरवल्यावर पहिल्या सभेत बराच वेळ कोणी बोललेच नाही. मग एका तरुण सहकाऱ्याने हात वर केला आणि म्हणाला, “हे प्रकल्पाचं वेळापत्रक मला पटत नाही. नाव लिहा माझं.” त्याचे नाव लिहिले. वेळापत्रक बदलले नाही, कारण बहुमत दुसरीकडे होते. पण त्या दिवशीच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द आला नाही.